कोळंबीची पैदास : नर किती ठेवावेत व माद्या किती

पनवेल व उरण ह्या तालुक्यांत नवी मुंबईच्या संपादनातून ज्यांच्या थोड्याबहुत जमिनी उरल्या आहेत, अशा खातेदारांपैकी काहींनी घराशेजारी अगर बांधाच्या आत गोड्या पाण्याची तळी राखलेली आहेत. कोणी त्यांत जिताडा वाढवितो, कोणी रोहू-कटला सोडतो, आणि काही हौशी मंडळी गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, जिला व्यापारात स्कॅम्पी म्हणतात, ती वाढवून पाहतात. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी बीज बाहेरून विकत आणावे लागते. ते वेळेवर मिळत नाही, मिळाले तर चांगले निघेलच असा भरवसा नसतो. यास्तव तळ्यातील निवडक कोळंबी राखून आपलीच पैदास का धरू नये, आणि धरल्यास किती माद्यांमागे किती नर ठेवावेत, असा प्रश्न सभासदांकडून वारंवार येतो.

प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येण्यासारखे आहे. बीजोत्पादन केंद्रांत एका नरामागे चार ते पाच माद्या ठेवण्याची वहिवाट आहे. हे उत्तर खरे आहे. परंतु जो तेवढेच लक्षात ठेवील त्याची कोळंबी काही पिढ्यांत खुजी निघू लागेल. कारण ह्या प्रश्नाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, टाकीत आज अंडी फळावीत म्हणून किती नर लागतात. आणि दुसरा, पुढे वंश धड राहावा म्हणून किती नर लागतात. पहिल्याचे उत्तर प्रमाणात देता येते, दुसऱ्याचे मात्र संख्येतच द्यावे लागते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नर अधिक ठेवले म्हणजे बीजात नर अधिक निघतील, अशी समजूत पुष्कळांची आहे. कोळंबीचा नर मादीपेक्षा मोठा वाढतो व त्यास भाव अधिक येतो, म्हणून ही आशा स्वाभाविक आहे. पण ती व्यर्थ होय. ह्या जातीत संततीचे लिंग कोंबडीप्रमाणे मातेकडून ठरते. मादीच्या अंड्यांपैकी निम्म्यांत नराचे व निम्म्यांत मादीचे बीज असते. टाकीत एक नर असो की दहा, पिले निम्मी नर व निम्मी माद्या अशीच निघावयाची.

आता नरमादी ओळखण्याविषयी. पूर्ण वाढलेला नर दुरूनही ओळखू येतो. त्याच्या पायांची दुसरी जोडी, म्हणजे मोठ्या नांग्या, लांब व जाड असतात आणि डोके अंगाच्या मानाने मोठे दिसते. मादीच्या नांग्या बारीक, डोके लहान, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंच्या कवचाच्या पाळ्या रुंद होऊन खाली उतरलेल्या असतात. ह्या पाळ्यांच्या आडोशालाच ती पुढे अंडी वागविते. लहान जनावराविषयी शंका असल्यास ते उताणे करून पाहावे. नराची छिद्रे चालण्याच्या पायांच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या जोडीच्या मुळाशी असतात, मादीची तिसऱ्या जोडीच्या मुळाशी. नराच्या पोटाच्या पहिल्या पेऱ्याखाली मध्यभागी बोटास लागेल असा एक उंचवटाही असतो.

परंतु नर ओळखला म्हणजे काम झाले असे नाही, कारण नर तीन प्रकारचे असतात. एकाच वयाच्या, एकाच बापाच्या नरांतही हे तीन प्रकार दिसतात. पहिला खुजा नर. अंगाने लहान, नांग्या बारीक व जवळजवळ बिनरंगी. दुसरा नारिंगी नांगीचा. हा झपाट्याने वाढत असतो, पण माद्यांकडे त्याचे लक्ष कमी. तिसरा निळ्या नांगीचा. ह्याची वाढ थांबत आलेली असते, नांग्या अंगाहून लांब व काटेरी होतात, आणि तळ्यातील एक जागा धरून तो तेथील माद्यांवर हक्क सांगतो. खुजा नर उघडपणे झुंजू शकत नाही, पण निळा नर दुसरीकडे गुंतला असता चोरून संग करितो व त्याचीही संतती होते. निळे नर काढून घेतले म्हणजे नारिंगी नरांपैकी काही निळे होतात, आणि खुज्यांपैकी काही वाढीस लागतात. पैदाशीसाठी निवडावयाचे ते चांगल्या अंगाचे, दोन्ही नांग्या शाबूत असलेले निळे नर, किंवा निळा होण्याच्या बेतात आलेले नारिंगी.

मादीचा क्रम असा असतो. तिची अंडी आत पिकू लागली म्हणजे डोक्याच्या कवचाखाली नारिंगी रंगाची गाबोळी बाहेरूनही दिसते. गाबोळी पूर्ण झाली की ती बहुधा रात्री कात टाकते. कात टाकल्यावर तिचे अंग काही तास मेणासारखे मऊ असते आणि ह्याच वेळात संग होतो. नर तिला आपल्या लांब नांग्यांच्या कुंपणात घेऊन इतरांपासून राखतो, आणि आपल्या शुक्राचा चिकट गोळा तिच्या छातीखाली, पायांच्या मध्ये लावून देतो. त्यानंतर साधारणपणे ६ ते २० तासांत मादी अंडी घालून ती पोटाखालच्या पोहण्याच्या पायांस चिकटवून घेते. ह्या जातीच्या मादीस नराचे बीज पुढच्या खेपेसाठी साठवून ठेवता येत नाही. प्रत्येक खेपेस नवा संग लागतो. अशा मादीस नर भेटला नाही तर ती अंडी घालते खरी, पण ती न फळता दोन-तीन दिवसांत गळून पडतात.

येथे प्रमाणाचा अर्थ कळतो. नर फार थोडे असले तर दोन-तीन माद्यांनी एकाच रात्री कात टाकल्यास त्यांतील एखादीच राखली जाते. बाकीच्यांची अंडी वाया जातात, किंवा मऊ अंगाची मादी शेजारणींच्या तोंडी पडते. उलट नर फार झाले तर निळे नर आपसांत झुंजतात, नांग्या तुटतात, आणि झुंजीच्या गर्दीत नुकतीच कात टाकलेली मादीच फाडली जाते. गावच्या वळूस जशा पन्नास गाई पुरतात तसे येथे होत नाही, कारण वळूचे काम क्षणाचे आणि ह्या नराचे काम रात्रभर पहाऱ्याचे. एकास चार ही वहिवाट ह्या दोन नुकसानींच्या मधली आहे. तळाशी कौलांचे तुकडे, नळाचे आखूड तुकडे, नारळाच्या झावळ्या टाकून लपावयास जागा करून दिली आणि नरांच्या नांग्यांची बोटे बांधून अगर बोथट करून ठेविली, तर प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. लपण्याची जागा न ठेवता प्रमाण कितीही काटेकोर ठेविले तरी माद्या मरतातच.

एवढ्याने आजच्या अंड्यांची सोय झाली. वंशाचा प्रश्न ह्याहून अवघड आहे, आणि आपल्या देशात ह्या धंद्याचे जे झाले त्याचे एक मोठे कारण त्यात सापडते.

मोठ्या मादीस एका खेपेस ८० हजार ते एक लाख अंडी येतात. पहिलटकरणीस ५ ते २० हजार. चांगल्या व्यवस्थेत त्यांतील निम्म्यापर्यंत पिले बीजाच्या अवस्थेस पोहोचतात. म्हणजे एकाच माउलीची एक खेप एका खातेदाराच्या तळ्यास पुरून उरते. दोन नर व आठ माद्या ठेविल्या की साऱ्या गावास बीज मिळेल, असा हिशेब कोणीही करील, आणि तो चुकीचाही नाही. पण त्या गावातील साऱ्या तळ्यांतील कोळंबी मग दोनच बापांची लेकरे असतील. पुढच्या वर्षी त्यांतूनच नर व माद्या निवडल्या म्हणजे भावाबहिणींचा संग झाला. गुरांत आपण हे होऊ देत नाही. वळू दर तीन-चार वर्षांनी बदलतो, कारण त्याच्याच कालवडी माजावर येतात हे डोळ्यांस दिसते. तळ्यात ते दिसत नाही, एवढाच भेद.

हे मोजावयाची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ सेवॉल राइट ह्याने १९३१ साली दिली. नरांच्या संख्येस माद्यांच्या संख्येने गुणावे, त्यास चारांनी गुणावे, आणि एकूण जनावरांच्या संख्येने भागावे. जो आकडा येईल तितकीच जनावरे वंशाच्या दृष्टीने खरी मानावयाची. बाकीची हजेरीपटावर असून नसल्यासारखी. आता पन्नास जनावरे घेऊन हिशेब पाहू. २५ नर व २५ माद्या असतील तर खरी संख्या ५० येते. १० नर व ४० माद्या, म्हणजे एकास चार, असतील तर ३२. ५ नर व ४५ माद्या असतील तर १८. दोनच नर व ४८ माद्या असतील तर आठाच्याही आत, आणि एकच नर व ४९ माद्या असतील तर चारही भरत नाहीत. मादी कितीही वाढवा, नर कमी असले तर आकडा हालत नाही, हे ह्या हिशेबाचे मर्म आहे. अर्ध्या वंशाची वाट नरांच्या अरुंद दारातून जाते, मग माद्यांचे दार कितीही रुंद असो.

ह्या संख्येची दुप्पट करून तिने एकास भागिले म्हणजे एका पिढीत रक्त किती जवळ येते ते कळते. खरी संख्या ५० असता पिढीस शेकडा १, ३२ असता सुमारे दीड, १८ असता पावणेतीन, आणि एका नराच्या तळ्यात शेकडा पावणेतेरा. सख्ख्या भावाबहिणींच्या संगाने शेकडा २५ व सावत्र भावाबहिणींच्या संगाने साडेबारा होते, ह्यावरून ताडून पाहावे. कोळंबीची पिढी वर्षाच्या आत फिरते, म्हणून गुरांत पंचवीस वर्षांत जे नुकसान दिसावयाचे ते येथे पाच वर्षांत दिसते. खरी संख्या १८ ठेवणाऱ्याच्या तळ्यात पाच पिढ्यांत शेकडा १३ पर्यंत मजल जाते. त्याची लक्षणे म्हणजे अंडी कमी फळणे, पिले नाजूक निघणे, रोगास लवकर बळी पडणे आणि वाढ मंदावणे.

पैदास करणारे लोक थोड्या काळाकरिता ५० ही खरी संख्या किमान धरितात. एकास चार ह्या प्रमाणाने ती गाठावयाची तर १६ नर व ६४ माद्या लागतात. हिशेब केल्यास ५१ येतात. प्रमाण तेच, पण संख्या ८०. ज्यास इतकी जागा नाही त्याने माद्या कमी करून नर वाढवावेत. १३ नर व १३ माद्या ठेविल्या तर २६ जनावरांत खरी संख्या २६ येते, आणि ५ नर व २१ माद्या ठेविल्या तर तितक्याच जनावरांत जेमतेम १६ भरतात.

ही भीती कागदी नाही. गोड्या पाण्यातील ह्या कोळंबीच्या पिलांस लहानपणी निमखारे पाणी लागते, हा शोध शाओ-वेन लिंग ह्यांनी मलायातील पेनांग येथे १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लाविला. तेथून १९६५ साली ताकुजी फुजिमुरा ह्यांनी ३६ जनावरे हवाई बेटांत नेली, आणि त्या ३६ जनावरांच्या वंशातून जगातील पुष्कळ देशांचा धंदा उभा राहिला. आपल्या देशात ही जात मूळचीच आहे, पश्चिम किनाऱ्याच्या नद्यांतही सापडते. म्हणून आपणांस अशी अडचण पडावयास नको होती. तरीही पडली. २००५-०६ साली भारतात तळ्यांतील स्कॅम्पीचे उत्पादन ४२ हजार टनांच्या वर गेले होते. २००९-१० पर्यंत ते सात हजार टनांच्या खाली आले. ह्यास कारणे अनेक झाली. शेपटी पांढरी पडण्याचा विषाणुजन्य रोग आला. २००९ साली परदेशी व्हॅनामेई कोळंबीस सरकारची परवानगी मिळाली व मोठे उत्पादक तिकडे वळले. परंतु त्याबरोबरच बीज खुरटल्याची तक्रारही होती, आणि तिचे मूळ पैदाशीच्या रीतीत होते. तळे शेवटी उपसताना जी लहानशी अंडीधारी मादी स्वस्तात मिळे तीच पैदाशीसाठी उचलण्याची चाल पडली. मोठी, लवकर वाढलेली जनावरे बाजारात गेली. मागे राहिल्या त्या लहान अंगावरच अंड्यांस आलेल्या माद्या, आणि त्यांस फळविणारा नर कोणता हे कोणीच पाहिले नव्हते. शेतकऱ्याने कणगीतले उत्तम भात विकून पाखडीतले पोचट बियाण्यास राखावे, तसलाच हा व्यवहार. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने २००७ पासून गुजरात, केरळ व ओडिशा ह्या तीन ठिकाणची जनावरे एकत्र आणून निवड पद्धतीने सुधारित वाण तयार करण्याचे काम हाती घेतले, ते ह्याच कारणास्तव. बीज विकत घ्यावयाचे तर ते कोणत्या वाणाचे, पैदाशीस नर किती होते व ते कोठून आणले, हे विक्रेत्यास विचारावे. उत्तर नीट न मिळाल्यास तेही एक उत्तरच समजावे.

आणखी एक खाचखळगा आहे. टाकीत १६ नर सोडले म्हणजे १६ बाप झाले असे नव्हे. एकाच मोठ्या टाकीत दोन-तीन दांडगे निळे नर बहुतेक माद्या बळकावतात आणि बाकीचे कोपऱ्यात बसतात. कागदावर सोळा, प्रत्यक्षात तीन. महसुली दप्तरात काम केलेल्या मनुष्यास हा प्रकार परिचयाचा आहे; सातबारावर सहहिस्सेदार नऊ, आणि जमीन कसणारा एक. ह्यावर उपाय म्हणजे तळ्यात जाळ्याचे हापे लावून अगर टाकीस आडपडदे घालून प्रत्येक कप्प्यात एक नर व चार माद्या ठेवणे. त्याने झुंजही टळते. मादी अंडीधारी झाली की तिला उचलून वेगळे करावे, आणि कप्प्यास क्रमांक देऊन वहीत तारीख, नर व मादी ह्यांची नोंद करावी. पुढच्या पिढीसाठी निवड करताना प्रत्येक कप्प्यातून सारखीच जनावरे घ्यावीत. एका जोडीची पिले फार चांगली दिसली म्हणून तिचीच सर्व राखण्याचा मोह होतो, तो आवरावा.

एकट्या खातेदारास हे जड वाटेल, पण तीन-चार सभासदांनी मिळून केल्यास हलके होते. प्रत्येकाने आपल्या तळ्यात वेगळा गट राखावा व दर पिढीस नर पुढच्या तळ्यात द्यावेत. पहिल्याचे नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, शेवटच्याचे पहिल्याकडे. माद्या आपापल्या जागी राहतात, आणि सख्ख्या भावाबहिणींची गाठ पडत नाही. बाहेरून नवे नर आणावयाचे झाल्यास रोगाची प्रयोगशाळेतील तपासणी करून मगच मिसळावेत, कारण पांढऱ्या शेपटीचा रोग जनावरांतून पिलांत उतरतो.

ज्यांची तळी खाऱ्या पाण्याची आहेत त्यांस हा खटाटोप करता येण्यासारखा नाही. वाघ्या कोळंबी व व्हॅनामेई ह्यांची पैदास समुद्राच्या स्वच्छ पाण्यावर मोठ्या केंद्रांत होते. तेथे नर व माद्या साधारण बरोबरीने ठेवितात, आणि व्हॅनामेईची रोगमुक्त जनावरे परदेशांतून चेन्नई येथील विलगीकरण केंद्रातून आणवितात. आपण फक्त बीज घ्यावयाचे. जिताड्याची तर गोष्टच निराळी. तो लहान वयात नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे एकाच वयाचे जिताडे राखणाऱ्यास जोडीच मिळत नाही. जिताडा कोळंबीच्या तळ्यात सोडू नये, हे येथे सांगून ठेवितो. तो प्रमाण सुधारीत नाही, कोळंबीच संपवितो.

केवळ नरांचेच बीज मिळते असे जे ऐकू येते, ते खरे आहे. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठात आमिर सागी ह्यांच्या मंडळींनी नराच्या पिलांतील नरत्व आणणारी ग्रंथी निकामी करून त्यांस माद्या बनविण्याची रीत बसविली. अशा मादीच्या अंड्यांत मादीचे बीज मुळातच नसल्याने तिची सर्व संतती नर होते. वाढविण्यासाठी असे बीज फायद्याचे आहे. पण त्या तळ्यातून पुढची पैदास धरता येणार नाही, कारण तेथे मादीच नसते.

पिले वाढविण्याचे काम मात्र खातेदाराने अंगावर न घेणे बरे. त्यास हजारी सुमारे १२ भाग क्षाराचे स्वच्छ पाणी महिना-दीड महिना सांभाळावे लागते. आणि पनवेल खाडीत उद्योगांचे सांडपाणी येत असल्याने तेथील पाणी तपासल्याशिवाय वापरण्यासारखे नाही. खाडीकाठी असे काम काढण्यापूर्वी किनारी जलकृषी प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याखालील नोंदणीची चौकशी करावी आणि तिवरांस हात लावू नये. खातेदाराने गोड्या पाण्यात प्रजनक राखावेत, माद्या अंडीधारी कराव्यात, आणि त्या बीजोत्पादन केंद्राशी आगाऊ ठरवून तेथे द्याव्यात. अंडी प्रथम नारिंगी असतात. २८ अंश उष्णतेत तीन आठवड्यांच्या आत-बाहेर ती करडी होतात, आणि करडी दिसू लागली की दोन-तीन दिवसांत पिले फुटतात. म्हणून मादी अंडी नारिंगी असतानाच पाठवावी, करडी झाल्यावर प्रवास घडवू नये.

वेळेचा हिशेब उलटा धरावा लागतो. तळ्यात बीज ज्येष्ठ-आषाढात हवे, तर माद्या चैत्राच्या आरंभी अंडीधारी झाल्या पाहिजेत. पौष-माघात रात्रीचे पाणी गार होते व पैदास थांबते, त्या दिवसांत नर व माद्या वेगळ्या ठेवून शिंपल्या, माकुल ह्यांसारखे ताजे खाद्य देऊन अंग भरवावे. निवड त्याआधीच, मार्गशीर्षात पहिली विक्री निघते तेव्हा, बाजारास माल जाण्यापूर्वी करावी. प्रत्येक तळ्यातील सर्वांत चांगल्या वाढीची जनावरे प्रथम बाजूस काढून मग व्यापाऱ्यास तळे दाखवावे. फाल्गुनात पाणी तापू लागले की कप्प्यांत एकास चार प्रमाणे सोडावीत, आणि दर आठ दिवसांनी तुटक्या नांगीचा नर बदलावा. त्यासाठी सोळांवर तीन-चार नर राखीव असलेले बरे.